डबलबारीसाठी कॉम्प्युटरवर चालणारा रिले बॉक्स: कुठला टप्पा आधी, कुठला नंतर

डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना. ती आळीपाळीने गातात आणि एका मंडळाच्या पाळीला बारी म्हणतात. सामन्याच्या रात्री देवळात ही मंडळं समोरासमोर बसतात. दोन बुवा, दोन पखवाज, दोन मिक्सर. अ‍ॅम्प्लिफायर मात्र देवळाचेच, दोघांना सामाईक. एक बारी संपली की कोणीतरी धावत जाऊन पिन काढतो, दुसरी लावतो. हॉर्नमधून धाडकन आवाज होतो आणि पहिल्या रांगेत मांडीवर झोपलेलं पोर दचकून उठतं. म्हणून आता बरेच जण आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), निळं रिले मॉड्यूल (विजेने हलणारे स्विच) आणि लॅपटॉप जोडून हे काम करायला लागले आहेत. कल्पना चांगली आहे, पण मी दुरुस्त करायला उघडलेल्या अशा जवळजवळ प्रत्येक बॉक्समध्ये एकच चूक होती. आधी प्रोग्राम लिहिला होता, मग वायरिंग केलं होतं, आणि लॅपटॉप अडकला तर काय होईल हा विचार सामना सुरू झाल्यावर केला होता.

क्रम उलटा हवा. अ‍ॅडाप्टर काढलेला, लॅपटॉप बंद, सगळे रिले पडलेले (म्हणजे आतल्या कॉइलला, तारेच्या वेटोळ्याला, वीज नाही; वीज मिळाली की रिले ओढतो), अशा वेळी आवाज कुठून कुठे जाणार हे सर्वांत आधी ठरवायचं. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

दोन्ही मंडळं देवळाच्याच मिक्सरवर गाणार असतील तर हा बॉक्स करू नका, मिक्सरचं म्यूट बटण पुरेसं आहे. दोन्ही मंडळं आपापला मिक्सर घेऊन येतात, बाहेरचे हॉर्न ठरल्या वेळी बंद करायचे असतात आणि निवेदनाचा माईक कधीही मध्ये घ्यावा लागतो, अशा ठिकाणी याचा उपयोग आहे.

तयारी: काय आणायचं आणि काय आणायचं नाही

सर्वांत मोठा घोटाळा रिलेच्या निवडीत होतो. बाजारात सहज मिळणारा निळा चौकोनी रिले १० अँपिअर, २५० व्होल्टचा असतो. तो पंप, बल्ब, पंखा चालू-बंद करण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या चांदीच्या मिश्रधातूच्या टोकांवर (कॉन्टॅक्टवर) हवेने बारीक थर साचतो. जास्त प्रवाह गेला की तो थर जळून टोक साफ राहतं. आवाजाचा सिग्नल मात्र माईकला काही मिलिव्होल्ट आणि लाईन लेव्हलला साधारण एक व्होल्ट असतो, आणि प्रवाह नगण्य. तेवढ्याने थर फुटत नाही. मग आवाज कुरकुरतो, एका बाजूने बारीक येतो, बॉक्सवर थाप मारली की ठीक होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. माझा पहिला बॉक्स असाच होता. मार्चमध्ये कार्यशाळेत उत्तम चालला, पावसाळाभर देवळाच्या कपाटात राहिला आणि गणपतीत पहिल्याच आरतीला खरखरायला लागला.

आवाजासाठी सोन्याचा मुलामा असलेल्या टोकांचा, पूर्ण बंद आवरणाचा छोटा सिग्नल रिले घ्या. त्यात दोन पोल हवेत, म्हणजे एका वेळी दोन वायर बदलतील असा. पॅनासॉनिकची टीक्यू-२ मालिका या कामाची आहे. १२ व्होल्टची कॉइल निवडा. तिला जेमतेम १२ मिलिअँपिअर लागतात.

बाकी यादी:

- आर्डुइनो ऊनो, चांगली यूएसबी केबल, ५ मीटरच्या आतली
- यूएलएन २८०३ ड्रायव्हर आयसी (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर कॉइलला प्रवाह देणारी चिप), सॉकेटसह
- १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर
- चार रिले वापरात, दोन शिलकीत
- ६००:६०० ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक पाहुण्या मिक्सरसाठी एक
- १०० किलोओहमचे, १ टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर, वीसभर
- एक्सएलआर सॉकेट (आवाजाची, तीन पिनांची), शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) असलेली दोन तारांची केबल, पत्र्याचा बॉक्स, नायलॉनचे स्पेसर
- एक ठसठशीत टॉगल स्विच. तो कशासाठी ते तिसऱ्या टप्प्यात

सावध: या बॉक्सात २३० व्होल्ट आणायचे नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय, हॅलोजन, पंखे यांचे रिले याच बॉक्सात बसवण्याचा मोह होतो. ते काम वेगळ्या बॉक्सात, फ्यूज आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच), परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

टप्पा १: कागदावर नकाशा

सोल्डरिंग गन अजून गरम करू नका. एका कागदावर डावीकडे येणारे आवाज लिहा: पहिली बारी, दुसरी बारी, निवेदनाचा माईक. माईक थेट नको, तो सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या प्रीअ‍ॅम्पमधून लाईन लेव्हलला आणा. उजवीकडे जाणारे आवाज लिहा: सभामंडपाचा अ‍ॅम्प्लिफायर, बाहेरच्या हॉर्नचा अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डर.

आता मधले रिले. प्रत्येक रिलेत कॉमन टोक रिले पडलेला असताना एनसीला जुळतं आणि रिले ओढला की एनओला.

पहिला रिले बारी निवडतो. एनसीवर पहिली बारी, एनओवर दुसरी. त्याचा कॉमन दुसऱ्या रिलेच्या एनओवर जातो.

दुसरा रिले भजन की निवेदन हे ठरवतो. त्याच्या एनसीवर निवेदनाचा माईक. अनेकांना हे उलटं वाटतं, कारण रात्रभर भजनच चालणार असतं. पण बॉक्स मेला तर लोकांशी बोलता आलं पाहिजे. गर्दीत पोर हरवलं, जनरेटरवर बदली करायची आहे, कोणाला चक्कर आली, अशा वेळी माईक चालायलाच हवा. म्हणून रिले पडलेला असताना निवेदनाची वाट मोकळी ठेवायची. याचा कॉमन म्हणजे आपली मुख्य लाईन. ती सभामंडपाच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि रेकॉर्डरला थेट जाते.

तिसरा रिले बाहेरच्या हॉर्नचा. याचा कॉमन हॉर्नच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला, एनओवर मुख्य लाईन. एनसीच्या दोन्ही टोकांना शील्ड जोडा. म्हणजे रिले पडला की अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट बंद होतं आणि हॉर्न गप्प राहतात, घरघरत नाहीत.

चौथा रिले मोकळा ठेवा. पुढच्या वर्षी तो लागतोच.

तपासणी: कागदावर बोट ठेवून प्रत्येक वाट चाला. दोन आउटपुट कधीही एकमेकांना जोडले जात नाहीत ना? एक आउटपुट तीन इनपुटना सहज पोसतो. दोन मिक्सरचे आउटपुट मात्र समोरासमोर आले की एकमेकांवर ढकलाढकल करतात, आवाज विकृत होतो. आणि तिसऱ्या रिलेत शील्डला टेकतं ते अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट, मिक्सरचा आउटपुट नव्हे, हेही पाहून घ्या.

हॉर्न बंद करायला स्पीकरच्या लाईनमध्ये रिले टाकणारेही बरेच असतात. तसं करू नका. हॉर्नच्या १०० व्होल्ट लाईनवर मोठ्या आवाजात व्होल्टेज खरोखरच तेवढं चढतं, झटका बसतो आणि छोटा रिले जळतो. बदल नेहमी इनपुटच्या बाजूला करायचा.

टप्पा २: आवाजाची बाजू जोडणे

एक्सएलआरमध्ये १ नंबरची पिन शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. हॉट आणि कोल्ड या दोन्ही तारा एकाच रिलेच्या दोन पोलवर घ्या, दोघी एकदम बदलल्या पाहिजेत. फक्त हॉट बदलून कोल्ड कायम जोडून ठेवली तर दुसऱ्या बारीचा आवाज बारीक बारीक गळत राहतो आणि तो दोष शोधायला अख्खी रात्र जाते.

पाहुण्या मंडळांचे मिक्सर कसलेही असतात. कोणाचा आउटपुट एक्सएलआर, कोणाचा साधा जॅक, कोणाचा सप्लाय मांडवातून, कोणाचा शेजारच्या घरातून. सगळ्यांची शील्ड आपल्या बॉक्सात एकत्र आली की ५० हर्ट्झची घरघर हमखास सुरू होते. म्हणून दोन्ही बारींच्या इनपुटला सुरुवातीपासूनच ट्रान्सफॉर्मर लावा. प्रायमरी मिक्सरकडे, सेकंडरी रिलेकडे. मिक्सरकडची शील्ड बॉक्सला जोडायची नाही, त्यासाठी इनपुटचे सॉकेट पत्र्यापासून अलग राहतील असे बसवा. साधा जॅक असेल तर टोक प्रायमरीच्या एका बाजूला, बाही दुसऱ्या बाजूला.

सावध: घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. घरघर जाईल, पण माईकला ओठ लावणाऱ्या बुवांच्या अंगात वीज उतरू शकते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका जिवावरचा आहे.

आता रेझिस्टर. रिलेच्या प्रत्येक टोकाकडे येणाऱ्या हॉट तारेपासून शील्डला एक आणि कोल्डपासून शील्डला एक, असे १०० किलोओहमचे रेझिस्टर लावा. कॉमनच्या बाजूलाही लावा. कपलिंग कॅपॅसिटरवर साचलेलं डीसी व्होल्टेज त्यांच्यातून निचरून जातं, नाहीतर रिले बदलताना तेच "टक्" होऊन स्पीकरमध्ये येतं. हे रेझिस्टर नसले तरी बॉक्स चालतो, म्हणून लोक ते गाळतात, आणि मग त्या "टक्"साठी रिलेला दोष देतात.

तपासणी: मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वाचन लिहून घ्या. मग बॉक्सला कसलाही सप्लाय न देता प्रत्येक एनसी वाट मोजा. फरक अर्ध्या ओहमच्या आत हवा. नुसत्या बीपवर विसंबू नका. बरेच मीटर ३०-४० ओहमलाही बीप देतात.

टप्पा ३: कॉइलची बाजू

आर्डुइनोची पिन फक्त ५ व्होल्ट देते आणि आपली कॉइल १२ व्होल्टची आहे, शिवाय पिनमधून सुरक्षितपणे साधारण २० मिलिअँपिअरच घेता येतात, त्यामुळे रिले थेट पिनवर लावायचा नाही. मध्ये यूएलएन २८०३. आर्डुइनोच्या ४, ५, ६, ७ या पिना वापरा. ० आणि १ या सीरियलच्या (लॅपटॉपशी बोलण्याच्या) आहेत, आणि १३ वरचा दिवा सुरू होताना लुकलुकतो. त्या पिनवर रिले असेल तर तोही तडतडतो.

यूएलएनची ९ नंबरची पिन ग्राउंड, १० नंबरची कॉमन. ही १० नंबरची पिन १२ व्होल्टच्या प्लसला जोडायलाच हवी. कॉइल बंद होताना उलट्या दिशेने व्होल्टेज उसळतं, ते गिळणारे डायोड आयसीच्या आत याच पिनवर एकत्र केलेले आहेत. पिन मोकळी राहिली तर बॉक्स काही दिवस चालतो, मग आयसीचा एकेक चॅनेल मरतो.

अ‍ॅडाप्टरचा मायनस आणि आर्डुइनोचा ग्राउंड एकत्र जोडा. पण हा ग्राउंड आवाजाच्या शील्डला कुठेही टेकवू नका. कॉइल आणि टोकं यांच्यात रिले मुळातच भिंत घालतो. लॅपटॉपच्या चार्जरची किणकिण त्या भिंतीपलीकडेच राहिली पाहिजे. आर्डुइनो नायलॉनच्या स्पेसरवर बसवा आणि यूएसबीच्या तोंडाचं धातूचं आवरण पत्र्याला लागत नाही ना, ते पाहा. मी पाहिलेल्या "कारण सापडत नाही" अशा किणकिणीत बहुतेक वेळा तिथेच स्पर्श निघाला आहे.

छोट्या सिग्नल रिलेपैकी काहींच्या कॉइलला प्लस-मायनस असतो, टीक्यू-२ चा तसाच आहे. उलटा जोडला तर तो जळत नाही, फक्त ओढत नाही, आणि आपण उगाच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

आता तो टॉगल स्विच. अ‍ॅडाप्टरच्या प्लस तारेत तो घाला आणि बॉक्सच्या दर्शनी बाजूला लाल रंगाने "हाताने बंद" असं लिहा. लॅपटॉप, आर्डुइनो, प्रोग्राम काहीही वेड्यासारखं वागू लागलं तर हा स्विच पाडला की सगळे रिले पडतात आणि निवेदनाचा माईक सभामंडपात चालू होतो. हे करायला तंत्रज्ञ लागू नये. देवळातल्या कोणालाही ते करता आलं पाहिजे, म्हणून ते चार जणांना दाखवून ठेवा.

टप्पा ४: प्रोग्राम

आतापर्यंत लॅपटॉप बाजूला होता, आता तो आणा. आज्ञा अगदी साध्या ठेवा: एक अक्षर, एक काम. पहिली बारी, दुसरी बारी, निवेदन, हॉर्न चालू, हॉर्न बंद आणि "मी जिवंत आहे". सीरियलचा वेग ९६०० बॉड पुरेसा आहे. आर्डुइनोने प्रत्येक आज्ञेनंतर चारही रिलेंची अवस्था परत सांगावी. ही त्याने दिलेल्या हुकमाची नोंद आहे, टोक खरंच जुळलं याची साक्ष नव्हे. ती साक्ष कानच देतो, म्हणून हेडफोन जवळ हवा.

इथल्या तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली: लॅपटॉपवरचा प्रोग्राम सीरियल पोर्ट उघडतो त्या क्षणी ऊनो रीसेट होतो. म्हणजे सामना रंगात असताना प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की सगळे रिले पडतात. उपाय: रीसेट आणि ग्राउंड यांच्यात १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, प्लस रीसेटकडे. आर्डुइनोत नवा प्रोग्राम भरताना तो काढावा लागतो, म्हणून छोट्या सॉकेटवर बसवा.

दुसरी: तयार रिले मॉड्यूल वापरणाऱ्यांची. ती मॉड्यूल बहुतेक वेळा उलटी चालतात, पिन शून्यावर गेली की रिले ओढतो. पिन आउटपुट म्हणून जाहीर केली की ती आपोआप शून्यावर असते आणि सगळे रिले एकदम खाडकन ओढतात. आधी पिनवर उच्च पातळी लिहा, मग ती आउटपुट करा. यूएलएनच्या जोडणीत हा प्रश्न येत नाही. पिन लोंबकळत असली तरी रिले पडलेलाच राहतो.

तिसरी: एका आज्ञेत दोन रिले एकाच क्षणी बदलणे. छोटा रिले साधारण ३ मिलिसेकंदांत हलतो, पण प्रत्येकाचा वेळ थोडा वेगळा. निवेदनावरून दुसऱ्या बारीवर जायचं असेल तर आधी पहिला रिले दुसऱ्या बारीवर न्या, २० मिलिसेकंद थांबा, मग दुसरा रिले ओढा. म्हणजे निवड आधी शांतपणे होते आणि वाट नंतर उघडते.

आता हॉर्न. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंद सभागृह वगळता लाऊडस्पीकरला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसाची वेळ परवान्यावरून घ्या, ऐकीव माहितीवरून नको. लॅपटॉपच्या घड्याळाने पाच मिनिटं आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना द्यावी आणि वेळ झाली की तिसरा रिले पाडावा.

पण लॅपटॉप ९:५८ ला अडकला तर? हॉर्न रात्रभर चालू राहतील. म्हणून लॅपटॉप दर १० सेकंदांनी "जिवंत" हे अक्षर पाठवेल आणि ३० सेकंद ते आलं नाही तर आर्डुइनो फक्त तिसरा रिले पाडेल, असं करा. पहिल्या दोन रिलेंना हा नियम लावू नका. लॅपटॉप अडकला म्हणून बुवांचा आवाज गजराच्या मध्यावर तुटता कामा नये. प्रत्येक रिलेला बिघाडाच्या वेळी कसं वागायचं हे वेगवेगळं शिकवावं लागतं. सगळ्यांना एकच नियम लावणं हीच या कामातली सर्वांत महाग पडणारी आळशी चूक आहे.

बारी बदलणं मात्र आपोआप करू नका. आवाजाच्या पातळीवरून किंवा मिनिटांवरून बदल करणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. बुवा मध्येच थांबून समोरच्याला टोला देतात, श्रोते हसतात, पखवाज दोन मात्रा गप्प असतो. तिथे बारी संपलेली नसते. ते ऐकणाऱ्यालाच कळतं. बटण त्याच्या हाती ठेवा.

तपासणी: प्रोग्राम चालू असताना यूएसबी केबल उपटा. आर्डुइनोचा सप्लाय गेला, सगळे रिले पडले, निवेदन चालू, हॉर्न बंद. परत लावा, काहीही आपोआप ओढलं जाता कामा नये. मग केबल राहू देऊन फक्त लॅपटॉपवरचा प्रोग्राम मारा. ३० सेकंदांत केवळ हॉर्न बंद व्हायला हवेत. लॅपटॉपचं झोपी जाणं आणि आपोआप होणारे अपडेट बंद करा, आणि रोज तेच यूएसबी तोंड वापरा, कारण तोंड बदललं की पोर्टचा नंबरही बदलू शकतो.

टप्पा ५: देवळात बसवणे

बॉक्स अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवा, आवाजाच्या तारा तिथेच एकत्र येतात. लॅपटॉप दूर बसणार असेल तर यूएसबी लांबवत बसू नका, आरएस-४८५ चे (लांबवर सिग्नल नेणारे) दोन छोटे बोर्ड लावा आणि पिळलेल्या तारांच्या जोडीवर न्या. आवाजाची तार विजेच्या तारेला समांतर न्यायची नाही. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

केबल बॉक्सच्या खालून आत घ्या. आधी ती बॉक्सच्या खाली लोंबकळून मग वर येऊ दे, म्हणजे कौलातून ओघळलेलं पाणी त्या वळणावर गळून पडेल. भोकं बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागा.

टप्पा ६: सामन्याच्या संध्याकाळी

पॉवर देण्याचा क्रम: आधी मिक्सर, मग रिले बॉक्स, मग लॅपटॉप, सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत आधी. कुठल्या मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) चालू-बंद करायचा असेल तर ती बारी निवडलेली नसताना.

मोबाईलवरून २०० हर्ट्झचा सूर दोन्ही मिक्सरमधून आळीपाळीने सोडा आणि मुख्य लाईनवर मीटरने एसी व्होल्ट मोजा. स्वस्त मीटर उंच सुरांना चुकीचं वाचतं, म्हणून २०० पुरे. दोन्ही बारींचं वाचन सारखं येईल असे मिक्सर लावून घ्या. एका बुवांचा आवाज मोठा आणि दुसऱ्यांचा बारीक निघाला तर सामना संपेपर्यंत त्याचीच चर्चा होते, आणि ती रास्त असते.

मग दोन्ही मंडळांच्या पखवाजवाल्यांना एकाच वेळी वाजवायला सांगा आणि बटणं दहा वेळा बदला. न निवडलेली बारी हेडफोनमध्ये अजिबात ऐकू येता कामा नये. येत असेल तर दुसऱ्या टप्प्यातली कोल्डची तार तपासा.

शेवटी दोन मंडळांसमोर, सगळं चालू असताना, लाल टॉगल पाडून दाखवा आणि निवेदनाच्या माईकवर बोला.

गणपतीआधी

गणपतीच्या पंधरा दिवस आधी बॉक्स उघडा. सॉकेटवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, तेलकट फवारे मारू नका. सिलिका जेलची पुडी बदला. प्रत्येक रिले वीस-पंचवीस वेळा हलवा आणि दुसऱ्या टप्प्यातली मोजणी पुन्हा करून वाचन झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहा. गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा एखादी वाट एक ओहमनेही वाढली असेल तर आधी सॉकेट आणि सोल्डर पाहा, आणि दोष तिथे नसेल तर शिलकीतला रिले बसवा.